आगीनंतरची लढाई जिवाणूंशी

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्यांना फटाक्यांमुळे ठाऊक असते. दिवाळी जवळ आली की येथील दुकानांपुढे परजिल्ह्यांतील गाड्या थांबतात. शोभेची दारू तयार करण्याच्या धंद्यावर या परिसरातील कितीतरी घरांची चूल पेटते. याच धंद्यामुळे स्फोटाच्या बातम्याही या पट्ट्यातून अधूनमधून येतात. शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरी परिसरातील फटाका कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी स्फोट झाला आणि त्यात कामगारांचे बळी गेले. अशा घटनेनंतर पहिल्या दिवशी मृतांचा आणि जखमींचा आकडा छापून येतो. परवाना, साठा, सुरक्षा यांवर चार दिवस चर्चा होते. जखमींचे पुढे काय झाले, ते घरी परतले का, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने खरा कसोटीचा काळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत शरीरातून झिरपून जाणारे पाणी आणि क्षार भरून काढणे, श्वासनलिकेला इजा झाली असेल तर श्वास चालू ठेवणे ही धडपड असते. त्यातून रुग्ण सावरला की पुढचा धोका जंतुसंसर्गाचा असतो. सुरुवातीचा धक्का पचवलेल्या भाजलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. आगीतून वाचलेला माणूस आठव्या, दहाव्या किंवा विसाव्या दिवशी जिवाणूंपुढे हरतो. हे जिवाणू कोण, ते येतात कुठून आणि औषधांना ते दाद का देईनासे झाले आहेत, हा प्रश्न फटाक्यांच्या गावाला जितका लागू आहे तितकाच प्रत्येक घराला लागू आहे.

कातडीचा पहारा

निरोगी माणसाच्या त्वचेवर जिवाणूंची दाट वस्ती असते. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथींभोवती, काखेत, बोटांच्या बेचक्यांत वेगवेगळ्या जाती राहतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस ही त्यातली एक अगदी नेहमीची जात. ती त्वचेवरचे टाकाऊ पदार्थ खाते, जागा अडवून धरते आणि बाहेरून येणाऱ्या उपद्रवी जिवाणूंना पाय रोवू देत नाही. त्वचेचा किंचित आम्लपणा टिकवण्यातही या वस्तीचा हातभार असतो. अखंड कातडी आणि तिच्यावरचे हे रहिवासी मिळून शरीराचा पहिला पहारा होतो.

खोलवर भाजले की हा पहारा एका क्षणात उठतो. जळालेली कातडी ओलसर आणि प्रथिनांनी भरलेली असते, म्हणजे जिवाणूंना वाढायला ती आयती जमीन मिळते. त्या मृत थरात रक्तवाहिन्या शिल्लक नसतात. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे पोहोचत नाहीत आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविकही पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. म्हणूनच भाजलेल्या रुग्णाला संसर्गाची चिन्हे नसताना केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविकांची इंजेक्शने देऊ नयेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. नातेवाइकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. ‘एवढे भाजले आहे आणि डॉक्टर भारी इंजेक्शन का देत नाहीत?’ असा प्रश्न वॉर्डाबाहेर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर हे की अशी इंजेक्शने संसर्ग टाळत नाहीत. ती शरीरातील साध्या जिवाणूंना मारून चिवट जिवाणूंना रान मोकळे करून देतात. खरा उपाय म्हणजे जखम स्वच्छ ठेवणे, तिच्यावर थेट लावण्याची औषधे वापरणे, मृत कातडी लवकरात लवकर शस्त्रक्रियेने काढणे आणि जखम झाकणे.

जखमेवर जिवाणू येण्याचा एक ठरलेला क्रम दिसतो. पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या स्वतःच्याच घर्मग्रंथींत आणि केसांच्या मुळांत तग धरून राहिलेले स्टॅफिलोकॉकस कुळातील जिवाणू वर येतात. आठवड्याच्या सुमारास स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांसारखे जिवाणू दिसू लागतात. त्यातले काही रुग्णाच्या आतड्यातले असतात, काही पाण्याच्या नळातून, खाटेच्या कठड्यावरून किंवा न धुतलेल्या हातांवरून आलेले असतात. मुक्काम लांबला की बुरशीही येते.

आतड्याचा भाग इथे विशेष लक्ष देण्याजोगा आहे. शरीराचा मोठा भाग भाजला की आतड्याच्या अस्तराला रक्त कमी पडते आणि ते सैल होते. एरवी जे जिवाणू आतड्यात राहून पचनाला मदत करतात तेच रक्तात उतरण्याची भीती निर्माण होते. यासाठीच भाजलेल्या रुग्णाला शक्य असेल तर पहिल्या चोवीस तासांतच तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करतात. अन्न मिळाले की अस्तर टिकते आणि आतले जिवाणू आपल्या जागी राहतात.

शत्रू की सोबती?

भाजलेल्या रुग्णाचे हे उदाहरण एक मोठी गोष्ट सांगते. जिवाणूंची ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी सरळ फाळणी करता येत नाही. कातडीवरचा निरुपद्रवी रहिवासी सलाईनच्या नळीवाटे रक्तात गेला की आजार घडवतो. आतड्यातला ई. कोलाय तिथे बहुतांशी गुण्यागोविंदाने नांदतो, पण तोच मूत्रमार्गात शिरला की जळजळ आणि ताप आणतो. जिवाणू कोणता आहे यासोबत तो कुठे आहे, किती संख्येने आहे आणि शरीराची ताकद किती आहे यावर त्याची भूमिका ठरते. अर्थात प्लेग, पटकी, विषमज्वर, क्षय यांचे जिवाणू कोणत्याही हिशेबाने मित्र ठरत नाहीत. अशा जाती मात्र एकूण जिवाणूंच्या जगात अगदी थोड्या आहेत.

माणसाच्या शरीरात जिवाणू किती, याचा नेमका अंदाज २०१६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडला. सरासरी प्रौढ पुरुषाच्या शरीरात मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी असतील तर जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी असतात. संख्येने ते आपल्यापेक्षा थोडे वरचढ आहेत, पण सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोच्याही आत भरते. त्यातले बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. ज्वारी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा माणसाला पचवता येत नाही तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लहान स्निग्धाम्ले तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळवतात. ‘के’ जीवनसत्त्वाचा काही भाग तेच बनवतात. बाळाच्या रोगप्रतिकारशक्तीला आपले कोण आणि परके कोण याची ओळखही या सहवासातून होते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी असतात. निसर्गाने आईच्या दुधात जिवाणूंचाही वाटा ठेवला आहे.

या सोबत्यांचा उपयोग किती मोलाचा ठरू शकतो हे ओडिशातील एका अभ्यासाने दाखवले. तिथल्या ग्रामीण भागातील साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांपैकी निम्म्यांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत एक आठवडा लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा देण्यात आली. उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण जिवाणू नसलेले द्रावण दिले. २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जिवाणू मिळालेल्या बालकांमध्ये रक्तातील जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी कमी भरले. यावरून बाजारात मिळणारी प्रत्येक ‘प्रोबायोटिक’ पुडी गुणकारी आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कोणती जात, किती मात्रा, कोणाला आणि कधी, हे प्रत्येक वेळी तपासून सिद्ध करावे लागते.

मराठवाड्याने पाहिलेला प्लेग

जिवाणूंचे दुसरे रूप मराठवाड्याने फार जुन्या काळात नव्हे, १९९४ साली पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडवला. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते तोच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावात उंदीर मरून पडू लागले आणि लोकांना ताप आणि जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. हा गाठीचा प्लेग होता. भूकंपात पडझड झालेल्या आणि सोडून दिलेल्या घरांत धान्य तसेच राहिले, उंदीर माजले, आणि रानातील उंदरांमधला रोग वस्तीतील उंदरांपर्यंत आणि पिसवांवाटे माणसांपर्यंत आला, असे त्यामागचे एक स्पष्टीकरण तेव्हा मांडले गेले. पुढच्याच महिन्यात सुरतमध्ये फुफ्फुसाच्या प्लेगची लाट आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले.

या प्लेगवर जे औषध चालले ते टेट्रासायक्लिन. धास्तीपोटी लोकांनी त्याच्या गोळ्या विकत घेऊन ठेवल्या आणि अनेक शहरांत दुकानांतून हे औषध संपले. गंमत अशी की टेट्रासायक्लिन कुळातले पहिले औषध एका मातीतल्या जिवाणूनेच दिलेले आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी ते स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून वेगळे काढले. तेव्हा त्या प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही १९४३ साली याच कुळातील जिवाणूपासून मिळाले. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तोही मुख्यतः या जिवाणूंचाच.

महाराष्ट्राचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. तिथल्याच संशोधकांनी मातीतील एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जिवाणूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना असे ठेवले गेले. प्लेगच्या जिवाणूला मारणारे औषधही जिवाणूचे आणि बुरशीला मारणारे औषधही जिवाणूचे, असा हा व्यवहार आहे.

पुण्याचा धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत हातापायांतील ताकद अचानक जाणारे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तेव्हा घराघरांत पोहोचले. काही आठवड्यांतच संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली आणि त्यात मृत्यूही झाले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. काहींमध्ये नोरोव्हायरस हा विषाणूही सापडला.

कॅम्पिलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून, कच्च्या दुधातून किंवा दूषित पाण्यातून पोटात जातो. बहुतेकांना त्याने चार-आठ दिवस जुलाब होतात आणि ते आपोआप बरे होतात. हजारांमागे एखाद्याच्या बाबतीत मात्र वेगळेच घडते. या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच प्रतिपिंडे सारखेपणामुळे स्वतःच्या मज्जातंतूंवर हल्ला चढवतात. जिवाणू तोवर शरीरातून निघूनही गेलेला असतो, पण पाय उचलत नाहीत. इथे उपयोगी पडले असते ते उपचाराआधीचे साधे काम, म्हणजे शुद्ध पाणी. विहिरींचे क्लोरिनेशन, गळक्या जलवाहिन्या आणि सांडपाणी यांतले अंतर हा कंटाळवाणा विषय वाटतो. जिवाणूंच्या बाबतीत सर्वाधिक जीव याच विषयाने वाचवले आहेत.

औषधाला न जुमानणारे जिवाणू

भाजलेल्या रुग्णाकडे पुन्हा वळू. मृत कातडी काढली, जखम झाकली, तरीही संसर्ग रक्तात उतरला तर प्रतिजैविकाशिवाय गत्यंतर नसते. अडचण इथे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद देशभरातील मोठ्या रुग्णालयांतील नमुन्यांवरून दरवर्षी जिवाणूंच्या प्रतिरोधाचा अहवाल काढते. अलीकडच्या अहवालांनुसार अतिदक्षता विभागांत धुमाकूळ घालणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूचे जवळपास ९० टक्के नमुने कार्बापेनेम गटातील औषधांना जुमानत नाहीत. कार्बापेनेम ही राखीव फळीतली औषधे मानली जातात. ती निकामी झाली की कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडाला झळ पोहोचवणारी जुनी औषधे उरतात. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर हाच असिनेटोबॅक्टर बसलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२३ साली जगात प्रयोगशाळेत निदान झालेल्या दर सहा जिवाणूजन्य संसर्गांपैकी एक प्रतिजैविकांना दाद न देणारा होता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तीनात एक इतके होते. २०१९ साली जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट अशा प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

प्रतिरोध तयार होतो कसा हे समजायला फार विज्ञान लागत नाही. कोट्यवधी जिवाणूंमध्ये काही जन्मतःच औषधाला थोडे चिवट असतात. औषध आले की बाकीचे मरतात आणि चिवटांना जागा आणि अन्न मोकळे मिळते. त्यातच जिवाणू प्रतिरोधाचे जनुक एकमेकांना देऊ शकतात, तेही वेगवेगळ्या जातींत. आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायने मिळवलेला प्रतिरोध उद्या न्यूमोनिया करणाऱ्या क्लेब्सिएलाच्या हाती पडू शकतो. सर्दीसाठी खाल्लेल्या गोळीने सर्दीच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. आतड्यातील सोबत्यांची मात्र चाळणी होते आणि मागे चिवट तेवढे उरतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनसाठी १९४५ साली नोबेल स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या वापराबाबत हाच इशारा दिला होता.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची लागू आहे. तिच्यातील औषधे, ज्यांत तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याने रुग्णाचे, डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. वेष्टनावरची उभी लाल रेघही चिठ्ठी लागते हेच सांगत असते. तरी गावोगावी ‘दोन दिवसांच्या गोळ्या द्या’ म्हटले की मिळतात. याला एकट्या औषध दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. डॉक्टरकडे गेले तर मजुरी बुडते, तपासणीला पैसे पडतात आणि जंतूंची संवेदनशीलता तपासणारी प्रयोगशाळा तालुक्याला नसते. नमुना जिल्ह्याला किंवा सोलापूरला पाठवून अहवाल येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. डॉक्टर तोवर अंदाजानेच आणि बहुधा जास्त ताकदीचे औषध लिहितो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रतिजैविक प्रतिरोधावरील दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो २०२५ ते २०२९ या काळासाठी आहे. पहिला आराखडा २०१७ चा होता. अशा आराखड्यांचे यश राज्यांच्या अंमलबजावणीवर ठरते. केरळने २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर ‘अमृत’ नावाची मोहीम सुरू केली आणि त्यानंतर प्रतिजैविकांची विक्री घटल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. कायदा तोच, फरक अंमलबजावणीचा. नवी औषधे येत नाहीत असेही नाही. वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले नॅफिथ्रोमायसिन हे देशी प्रतिजैविक न्यूमोनियासाठी २०२४ च्या अखेरीस पुढे आले. परंतु एक औषध घडायला दशकभराहून अधिक काळ लागतो आणि जिवाणूला ते निकामी करायला काही वर्षे पुरतात.

गोठ्यातून दह्यापर्यंत

भूम-वाशीच्या या पट्ट्याची दुसरी ओळख खव्याची आहे. बालाघाटच्या डोंगराळ भागात शेतीला दुधाची जोड आहे आणि खव्याच्या भट्ट्यांवर अनेकांचा संसार चालतो. जिवाणूंच्या दोन्ही भूमिका इथे एकाच दुधात दिसतात. रात्री विरजण लावले की लॅक्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. त्या आंबटपणामुळे प्रथिने जमून दही लागते आणि अनेक उपद्रवी जिवाणूंची वाढ रोखली जाते. दुधाने पोट बिघडणाऱ्यांनाही दही सहसा सोसते ते यामुळेच.

खव्याचे गणित वेगळे आहे. आटवताना बहुतेक जिवाणू मरतात. पण बॅसिलस सिरियससारख्यांचे बीजाणू उष्णतेतही टिकतात आणि खवा थंड झाल्यावर हाताळताना नवे जिवाणू येतात. हाताला पू झालेली जखम असलेल्या माणसाकडून स्टॅफिलोकॉकस ऑरियस खव्यात गेला आणि खवा उघड्यावर राहिला, तर तो विष तयार करतो. हे विष नंतर उकळूनही जात नाही. सणासुदीला मिठाईतून विषबाधा झाल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हे कारण असते. म्हणून भट्टीवर हाताला भाजलेल्या किंवा पिकलेली जखम असलेल्या माणसाने ती भरेपर्यंत खवा मळण्याचे काम न करणे आणि खवा लवकर थंड जागी ठेवणे हे धंद्याच्याही हिताचे आहे.

प्रतिजैविकांचा मोठा वापर गोठ्यातही होतो. गाई-म्हशींना कासदाह झाला की सडात औषध सोडतात. त्या औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध विकू नये हे छापलेले असते. तो काळ पाळला नाही तर औषधाचे अंश दुधात उतरतात. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट लागत नाही, कारण औषध विरजणातील जिवाणूंनाच मारते. दही न लागणे हा घरच्या घरी मिळणारा एक इशारा आहे, जरी त्याची इतरही कारणे असू शकतात. माणसासाठी राखीव असलेले कोलिस्टिन कोंबड्या आणि जनावरांना देण्यावर केंद्राने २०१९ साली बंदी घातली. अन्नातील प्रतिजैविकांच्या अंशांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. नियम पाळले गेले का हे मात्र दूध संकलन केंद्रावरील तपासणीच ठरवेल.

काय करता येईल

फटाक्यांच्या कारखान्यात अपघात होऊच नये यासाठीचे नियम हा स्वतंत्र विषय आहे. अपघात झाल्यानंतर जिवाणूंना संधी मिळू नये यासाठी काही गोष्टी कारखान्याच्या दारापासून सुरू करता येतात. भाजल्याबरोबर जखमेवर वीस मिनिटे वाहते, साधे पाणी सोडावे. बर्फ लावू नये. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, शेण यांपैकी काहीही लावू नये. शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि मृत, प्राणवायू न पोहोचणाऱ्या मांसात ते फोफावतात. स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे आणि धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावे. फटाक्यांच्या कामगारांनी ही लस वेळच्या वेळी घेतलेली असणे हाच सर्वांत स्वस्त विमा आहे.

दुसरी गरज जखम झाकण्याची. महाराष्ट्रातील डॉक्टरांनी यात कमी खर्चाचे मार्ग दाखवले आहेत. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची निर्जंतुक पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरात आणली आणि त्यांच्याच पुढाकाराने २००० साली त्या रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरून कातडीचा अत्यंत पातळ थर घेता येतो. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळण्याची अट नसते आणि ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षे टिकते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर स्वतःची पुरेशी कातडी उरलेली नसते, तेव्हा दान मिळालेली त्वचा दोन-तीन आठवडे त्याचा पहारा करते आणि जिवाणूंना बाहेर ठेवते. नेत्रदान गावोगावी पोहोचले, त्वचादान अजून मोठ्या शहरांपुरतेच राहिले आहे. स्फोटांची भीती कायम असलेल्या पट्ट्याच्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे धाराशिव आणि सोलापूर येथे, भाजलेल्यांसाठी वेगळा कक्ष, तिथे हात धुण्याची कडक शिस्त आणि जिवाणूंच्या तपासणीची सोय असणे ही मागणी म्हणूनच रास्त ठरते. असिनेटोबॅक्टरवर नवे औषध कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ न देणे मात्र साबण, पाणी आणि पुरेशा परिचारिका असतील तर शक्य आहे.

तिसरी गोष्ट घराघरांतली. सर्दी, खोकला, साधा ताप आणि बहुतेक जुलाब यांना प्रतिजैविक लागत नाही. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी आणि मुलांना झिंक लागते. शेजाऱ्याला गुण आलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही. डॉक्टरने दिलेले प्रतिजैविक सांगितले तितके दिवस घ्यावे, उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवू नयेत. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या आणि ताक असले की आतड्यातील सोबत्यांना वेगळी पुडी लागत नाही.

तेरखेड्याच्या एखाद्या शेडमध्ये भाजलेल्या कामगाराला सोलापूरच्या वॉर्डात जे इंजेक्शन दिले जाईल ते त्याच्या जखमेतल्या जिवाणूवर चालेल की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधीच्या कित्येक वर्षांत, औषधांच्या दुकानात मागितलेल्या गोळ्यांवर, गोठ्यात सडात सोडलेल्या औषधावर आणि रुग्णालयातील न धुतलेल्या हातांवर ठरलेले असते. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी गावाच्याच हातात आहेत.